पाच-चाळीस : मुंबई मॅरेथॉनच्या तयारीच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. शहापूर, बेळगाव

आजपासून ही वेगळी वही. काम एकच: १९ जानेवारी २०२५ ची मुंबई मॅरेथॉन. वेळ चार तासांच्या आत, आणि दुसरं अर्धं पहिल्यापेक्षा दोन मिनिटांहून जास्त हळू नको.

दुसरी अट माझ्या लेखी मोठी. पहिलं अर्धं १:५० आणि दुसरं २:१० करूनही चार तास होतात, कितीतरी हौशी पळणारे तसेच करतात. अर्धी शर्यत उडत जायची, उरलेली फरफटत. माप बसलं तरी असा जॉब, म्हणजे तयार नग, मी पास करणार नाही. उद्यमबागेत कारखान्याच्या तपासणी खात्यात काम करणाऱ्याची खोड म्हणा.

हिशेब: ४२.१९५ किमीला १४,४०० सेकंद, म्हणजे किलोमीटरला ५:४१ (पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद), हाच पेस. एक सेकंद हाताशी ठेवून ५:४०. टॉलरन्स, म्हणजे चालण्याजोगा फरक, अधिक-उणे पाच सेकंद.

आजची स्थिती: आठवड्याला साधारण ३५ किमी, सगळे पहिल्या पाळीच्या आधी. वय ४१, वजन ६६ किलो, गुडघ्यांची तक्रार नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, १४ किमी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाऊस. कॅम्पातले रस्ते सकाळी मोकळे असतात आणि दोन्ही बाजूंनी जुनी झाडं, म्हणून तिकडंच जातो. पण तीच झाडं घड्याळाला नडतात. पाय एका लयीत पडत होते आणि घड्याळ एकदा ५:१२ दाखवत होतं, शंभर पावलांवर ६:०४. उपग्रहाचा सिग्नल ओल्या पानांच्या छतातून धड येत नाही. जागा चार-पाच मीटर इकडंतिकडं झाली की त्या क्षणाचा पेस पार बिघडतो. पुऱ्या किलोमीटरची सरासरी त्यामानानं बरी येते.

म्हणजे ज्या गेजवर, मापाच्या साधनावर, सगळा भरवसा ठेवणार तेच डगमगतंय. आधी याचा बंदोबस्त.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. घरी पाहुणे, त्यामुळे आज फक्त ८ किमी, तेही मोदकांच्या भारानं.

परतताना सुभेदार कट्ट्यावर बसलेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पहाटे साडेचारला उठणं सुटलेलं नाही. म्हणाले, ‘‘रोज बघतोय तुला. घड्याळाकडं बघत पळतोस. पाय कुणाचे, घड्याळाचे काय?’’ मी ५:४० चा हिशेब सांगितला. ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘‘आमच्यात घड्याळ उस्तादाकडं असायचं. पळणाऱ्याला अंगात कळायला पाहिजे.’’

मला हे निम्मं पटलं. अंगाला ५:४० कळतं का, हे तपासून बघता येईल. त्यासाठी आधी खात्रीचा एक किलोमीटर हवा.

२२ सप्टेंबर, रविवार

आज पळणं थोडं आणि मोजणी जास्त. वहीतलं आतापर्यंतचं सगळ्यात मजेचं काम.

मॅरेथॉनचा प्रमाणित मार्ग सायकलनं मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा फेरे मोजणारा गिअर लावायचा, पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं आणि मग मार्गावर निघायचं. वळणावर कडेपासून तीस सेंटीमीटर सोडून, म्हणजे पळणाऱ्याला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या वाटेनं. वर हजारात एक इतकं अंतर मुद्दाम जादा धरायचं, मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून. ४२ किलोमीटरवर ते ४२ मीटर होतं. हे वाचलं तेव्हा मोजणारी माणसं आपल्याच बिरादरीतली वाटली.

आमच्याकडं जोन्स काउंटर नाही. सुभेदारांची अठ्ठावीस इंची सायकल आहे आणि कारखान्यातून रीतसर सही करून आणलेली पोलादी टेप आहे. सावगावच्या रस्त्याला सरळ पट्टा बघून शंभर मीटर आखले, चाकाच्या व्हॉल्व्हपाशी लाल दोरा बांधला, फेरे मोजले. हवा भरून एकदा, ऊन चढल्यावर पुन्हा एकदा. उन्हानं ट्यूबमधली हवा फुगते, चाकाचा घेर किंचित वाढतो आणि तेवढ्याच अंतराला फेरे कमी पडतात. फरक बारीक होता, पण होता. प्रमाणित मोजणीत आधी आणि नंतर अशी दोनदा सायकल तपासतात ती याचसाठी.

किलोमीटरच्या दोन्ही टोकांना चुन्याचे पट्टे मारले. गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका आजींनी विचारलं, ‘‘रस्ता रुंद करूलालेत काय?’’ नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. जमीन जाणार या धास्तीनंच त्या पुढं गेल्या असाव्यात. वाईट वाटलं, परत जाऊन नीट समजावलं.

६ ऑक्टोबर, रविवार

घड्याळावर चिकटपट्टी लावली. सुभेदार टोकाला स्टॉपवॉच घेऊन उभे. मी ५:४० वाटेल तसा पळायचो, पोचल्यावर ते आकडा लिहायचे, मला सांगायचे नाहीत. सगळं झाल्यावर वही दाखवली.

ताज्या पायांनी: ५:२२, ५:२६, ५:२४.
चहा घेऊन अर्ध्या तासानं: ५:३१, ५:२८.

एकदाही टॉलरन्समध्ये नाही, आणि सगळे एकाच बाजूला. हे महत्त्वाचं. इकडंतिकडं विखुरले असते तर अंगाला पेस कळत नाही एवढंच म्हटलं असतं. इथं अंग सरळ पंधरा सेकंदांनी घाईत आहे. मुंबईत पहिले पाच किलोमीटर असेच अंगावर सोपवले तर सव्वा मिनिट आधी पोचेन. लोक याला ‘बँकेत वेळ टाकली’ म्हणतात. या बँकेचं व्याज उलट्या दिशेनं चालतं.

सुभेदारांना आकडे आवडले नाहीत. त्यांच्या मते महिनाभर सराव केला की अंग सुधारेल. बघू.

२० ऑक्टोबर, रविवार

चाचणी पुन्हा, पण या वेळी आधी पंधरा किलोमीटर पळून. झाकलेल्या घड्याळानं: ५:३८, ५:४१, ५:३९.

सुभेदार खूश. ‘‘बघ, शिकलं की अंग!’’ मला तसं वाटत नाही. अंग तेच आहे, फक्त दमलंय. घाईचे पंधरा सेकंद दमणुकीनं खाल्ले. आणखी दहा किलोमीटरनंतर काय होतं ते बघितल्याशिवाय खरं कळायचं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

जांबोटी रोडनं २४ किमी, सरासरी ६:३५. मुद्दाम हळू. शेजारच्याशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे, इतकंच. आठवड्यातलं बहुतेक पळणं असंच ठेवलंय, जोराचं काम एखाद्याच दिवशी. कारखान्यातला एकजण म्हणतो, शर्यत ५:४० ची आणि सराव साडेसहाचा कसा? पण याच संथ पळण्यातून स्नायूंना चरबी जाळायची सवय लागते, आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर उभं राहता येतं. रोज ५:४० नं पळालो तर नोव्हेंबर संपायच्या आत कुठंतरी दुखून बसेन.

रस्ता चढ-उताराचा. पिंडऱ्या भरल्या.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. धाकटीकडं तिलारीवाडीला... नाही, यंदा तीच इकडं आली. ६ किमी. फराळ.

१७ नोव्हेंबर, रविवार

वेंगुर्ला रोडनं राज्याची हद्द ओलांडून शिनोळी, तिथून परत. ३० किमी, सरासरी ६:२०, शेवटचे तीन झाकलेल्या घड्याळानं.

पहाटे चार वाजता निघालो. हिंडलग्याच्या पुढं अंधारात उसाच्या ट्रॉल्या. हंगाम सुरू झालाय. ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर. डोक्याला दिवा आणि अंगात चमकपट्टीचं जॅकेट नसेल तर या दिवसांत या रस्त्यावर कुणी पळू नये, आणि पळालात तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं.

बाचीच्या पुढं पाट्या कन्नडच्या मराठी होतात. घड्याळाला त्याचं काही नाही. हिंडलग्याला चहाच्या गाडीवाल्यानं विचारलं, ‘‘एष्टु किलोमीटर री?’’ तीस म्हटलं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, चहात साखर वाढवली आणि ‘‘निधान होग्री’’, सावकाश जा, म्हणून सोडलं. पैसे घेतले, पण साखरेचे नाही.

आता आजचं खरं. शेवटचे तीन किलोमीटर, ५:४० वाटेल तसे: ५:४९, ५:५३, ५:५८. मनात मात्र प्रत्येक वेळी ‘हेच ते’ असं पक्कं वाटत होतं.

तर हिशेब असा: सुरुवातीला अंग पंधरानं पुढं, मध्ये बरोबर, शेवटी पंधरानं मागं. जोर सारखाच लावतोय असं वाटत असताना पेस आपोआप खाली सरकतो. म्हणजे ‘अंगात कळायला पाहिजे’ हे मधल्या दहा-पंधरा किलोमीटरपुरतं खरं. दोन्ही टोकांना अंगाचं ऐकायचं नाही. पहिल्या टोकाला ते घाई कर म्हणेल, शेवटच्या टोकाला आहे ते ठीक आहे म्हणेल.

सुभेदारांना रात्री सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘उस्ताद शेवटच्या मैलातच ओरडायचा, ते खरं.’’

खाणं: निघण्याआधी दोन उकडलेली रताळी आणि चिमूटभर मीठ. आपल्या तालुक्याचं पीक, आत्ता बाजारात ढीग लागलेत, पोटाला त्रास नाही. वाटेत अर्ध्या लिटर पाण्यात ३० ग्रॅम गूळ, लिंबू, मीठ. गूळ जवळजवळ सगळा साखरच, तेव्हा पळणारे वाटेत घेतात त्या साखरेच्या एका जेलपेक्षा साधारण थोडं जास्तच पडतं. दोन बाटल्या संपल्या.

गरज का, तेही लिहून ठेवतो. एक किलो वजन एक किलोमीटर न्यायला ढोबळ एक किलोकॅलरी. माझे ६६ गुणिले ४२ म्हणजे २,८०० च्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजन, म्हणजे अंगातली साठवलेली साखर, असते ती १,६०० ते २,००० किलोकॅलरींची. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी सावकाश जळते. पेस जितका वाढवावा तितका ग्लायकोजनचा वाटा वाढतो, साठा तितका लवकर तळाला जातो. पहिल्या पाच किलोमीटरची घाई पस्तिसाव्या किलोमीटरला भरावी लागते ती मुख्यतः यामुळं.

२४ नोव्हेंबर, रविवार

एकट्यानं अर्ध्या मॅरेथॉनची चाचणी, कॅम्पात फेऱ्या मारून. १:५२:१०. शेवटच्या दोन फेऱ्यांत लष्करी रंगरूट शेजारून गाणं म्हणत पुढं गेले. पाठीवर पिट्टू, पायात बूट. त्यांच्याकडं न बघणं हाच उपाय.

पीटर रीगेल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं एक सूत्र आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट न होता दोनाच्या १.०६ घातानं वाढते, म्हणजे साधारण २.०८५ पट. १:५२:१० वरून माझी मॅरेथॉन ३:५४ येते. पण सूत्र धरून चालतं की लांब अंतराचा सराव तितकाच भक्कम आहे. आठवड्याला पन्नास किलोमीटरवाल्यानं ते आशेसाठी वापरावं, पेस ठरवायला नाही. ५:४० कायम.

१ डिसेंबर, रविवार

विश्रांतीचा आठवडा, १६ किमी.

मोठ्यांचे आकडे बघत बसलो. केनियाचा केल्विन किप्टम, शिकागो मॅरेथॉन, ८ ऑक्टोबर २०२३, २:००:३५. पहिलं अर्धं ६०:४८, दुसरं ५९:४७. दुसरं एका मिनिटानं जलद! त्याच्याच देशाच्या किपचोगेचा २०१८ चा बर्लिनचा विक्रमही तसाच, ६१:०६ आणि ६०:३३. मात्र २०२२ ला त्याच बर्लिनला तो पहिलं अर्धं ५९:५१ नं गेला आणि दुसरं ६१:१८ झालं. विक्रम तरीही झालाच, पण पहिल्या अर्ध्याची किंमत आकड्यात दिसते. किप्टम या फेब्रुवारीत मोटार अपघातात गेला. २४ वर्षांचा होता.

आपल्याकडं शिवनाथ सिंग, २:१२:००, जालंधर, १९७८. सेहेचाळीस वर्षं झाली, अजून कुणी भारतीय त्याच्या पुढं गेलेला नाही. अनवाणी पळणारा माणूस. सुभेदारांनी नाव ऐकताच ‘‘फौजेचा!’’ म्हणून मांडीवर थाप मारली, बाकी ऐकून घेतलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सगळ्यात मोठा दिवस: ३२ किमी, त्यातले शेवटचे १२ मॅरेथॉनच्या पेसनं. कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू आहे, ते भरतं त्या सुवर्णसौधच्या बाजूला आठवडाभर बंदोबस्त आणि आंदोलनं, म्हणून हायवेकडं फिरकलो नाही. खानापूर रोडनं मच्छेच्या पुढं आणि परत.

आज उलट केलं. पहिल्या वीसला घड्याळ उघडं ठेवून स्वतःला मागं ओढलं. शेवटच्या बाराला अंग काय म्हणतं ते ऐकायचं आणि त्याच्यापेक्षा थोडं जास्त करायचं. पावलं मोजत गेलो. मिनिटाला १७४ च्या खाली येऊ द्यायची नाहीत. दमल्यावर पाऊल लांब टाकायला गेलं तर मांडी ओरडते, पण पावलांची संख्या राखली तर पेस टिकतो.

१२ किलोमीटरची सरासरी ५:३९. नाडी मात्र त्याच पेसला १५६ वरून १६९ वर गेली. घामानं अंगातलं पाणी कमी होत जातं, रक्ताचं आकारमान घटतं, हृदयाला तेवढंच काम जास्त ठोक्यांत करावं लागतं. शर्यतीत शेवटी नाडीकडं बघायचं नाही. माहीत असलेली गोष्ट बघून घाबरायचं कशाला.

संध्याकाळी कुंदा खाल्ला. भरपूर.

२७ डिसेंबर, शुक्रवार

शहर ओळखू येत नाही. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं, म्हणून टिळकवाडीपासून सगळीकडं रोषणाई, कमानी, बॅरिकेड. काल पहाटे त्या दिव्यांखालून पळालो, झाडाच्या फांदीफांदीला माळा. रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. आजची सभा रद्द. सकाळी ८ किमीला निघालो तर रस्त्यात पोलीस होते आणि कुणालाच पुढं काय ते माहीत नव्हतं. एकानं हातानंच ‘जा’ म्हटलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

२० किमी, सावकाश. आता पळणं कमी करत न्यायचं. पाय शिवशिवतात, तेच हवंय.

आज महत्त्वाची आकडेमोड. घड्याळ मॅरेथॉनमध्ये ४२.१९५ कधीच दाखवत नाही. मार्ग मोजलाय सगळ्यात जवळच्या वाटेनं आणि आपण गर्दीतून वळसे घेत, पाण्याच्या टेबलाकडं जात पळणार. वर उपग्रहाची डगमग. घड्याळावर ४२.५ ते ४२.७ भरतं. मग घड्याळाच्या ५:४० नं पळालो तर? ४२.६ गुणिले ३४० म्हणजे ४:०१:२४. घड्याळ शेवटपर्यंत ‘बरोबर आहे’ म्हणत राहील आणि चार तास हुकतील.

म्हणून घड्याळाचा आपोआप पडणारा लॅप बंद. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीवर बटण हातानं दाबायचं आणि मनगटावर चिठ्ठी:

५ किमी २८:२०
१० किमी ५६:४०
१५ किमी १:२५:००
२० किमी १:५३:२०
२५ किमी २:२१:४०
३० किमी २:५०:००
३५ किमी ३:१८:२०
४० किमी ३:४६:४०
शेवट ३:५९:०६

चिठ्ठीवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी मारली. घामानं शाई फुटते.

१६ जानेवारी, गुरुवार

भात. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. कोरड्या तांदळात शंभराला अठ्ठ्याहत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, तेव्हा दिवसाला पाचशे ग्रॅम कर्बोदकं गाठायची तर भात आणि गूळ हाच सोपा रस्ता. भाजी कमी, डाळ कमी, तिखट नाही. घरात मी सोडून सगळे वैतागलेत. वजन किलोभर वाढलं. ग्लायकोजन पाणी धरून साठतं, त्यामुळं ते अपेक्षितच.

उद्या रात्रीची स्लीपर.

१८ जानेवारी, शनिवार. मुंबई

बीकेसीला जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणलं. एक्स्पोमध्ये पायपीट होते, ती टाळायची म्हणून सरळ रांग, बिब आणि बाहेर. मुक्काम मावसभावाकडं, परळला. वहिनींनी विचारलं, ‘‘भावोजी, नुसता भातच खाणार?’’ तीन दिवसांत हा प्रश्न फक्त त्यांनीच हसत विचारला.

सुभेदारांचा फोन: ‘‘पहिल्या मैलात कुणी पुढं गेला तर जाऊ दे.’’

१९ जानेवारी, रविवार. शर्यत

सीएसएमटीसमोर पहाटे पाचला सुरुवात. अंधार, दमट हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर, जानेवारीत पहाटे दात वाजतात. इथं उभ्या उभ्याच मानेला घाम. हवेत पुरेसा प्राणवायू आहे हा फायदा, घाम वाळत नाही हा तोटा. दोन्ही मिळून किती हे कुणाला सांगता यायचं नाही.

० ते ५: सगळं जग पुढं गेलं. खरंच, माझ्या रांगेतले शंभरेक जण पहिल्या किलोमीटरला पुढं गेले. श्वास इतका मोकळा की आपण चालतोय की काय असं वाटावं. पाटी: ५:४३. अंग म्हणत होतं सहाच्या वर असणार. पाच किलोमीटरला २८:१२. आठ सेकंद पुढं, चालतंय.

५ ते १०: मरीन ड्राइव्ह, चौपाटी, मग पेडर रोडचा पहिला चढ. इथं चिठ्ठी विसरून जोर तेवढाच ठेवला, चढाला ५:५० आले, उताराला ५:२९. राजहंसगडाच्या चढाला केलेलं कुठंतरी कामाला आलं. येळ्ळूरहून वर जाताना हेच शिकलो होतो की चढावर वेळ वाचवायचा नसतो. १० किमी ५६:०९.

सी लिंक: ५.६ किलोमीटर, वर वारा, दोन्हीकडं काळं पाणी. प्रेक्षक नाहीत, गाणी नाहीत, नुसते बुटांचे आवाज. चार तासांचा झेंडा घेतलेला पेसर, म्हणजे नेमक्या त्या वेळेत पळून वाट दाखवणारा, शंभरेक मीटर पुढं होता, त्याच्याभोवती मोठा घोळका. घोळक्यात गेलं की पाण्याच्या टेबलापाशी धक्काबुक्की होते. म्हणून लांबच राहिलो. वाऱ्यासाठी मात्र एका उंच माणसाच्या मागं दोन किलोमीटर काढले. त्याला कळलं, वळून म्हणाला, ‘‘आता तुम्ही पुढं या.’’ न्याय्य होतं. पुढं गेलो.

अर्ध्याला १:५८:२२. चिठ्ठीपेक्षा सव्वा मिनिट पुढं. ठरवलं होतं त्यापेक्षा जरा जास्तच, पण पायात ओढ नव्हती.

२१ ते ३०: उजाडलं. माहीम, शिवाजी पार्क. इथली माणसं पहाटेपासून रस्त्याकडेला उभी, संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं, स्प्रे. एक आजोबा पातेल्यात मीठ-साखरेचं पाणी घेऊन. मी माझं गुळाचं पाणी आणि जेल यांवरच राहिलो. नवीन काही पोटात घालायचं नाही असं ठरलेलं. पण चिक्कीचा एक तुकडा घेतला. लहान मुलगी देत होती, नाही म्हणवेना. अंग आणि घड्याळ इथं अगदी एकमतानं चाललं होतं: ५:३८, ५:३९, ५:३८. सावगाव रोडवरच्या वीस ऑक्टोबरच्या चाचणीसारखेच आकडे. ३० किमी २:४८:४५.

३० ते ३५: वरळी. ऊन आलं. डावी पिंडरी आत कुठंतरी वळवळायला लागली. ५:४०, ५:४२. पुढं गेलेले आता मागं यायला लागले. पहिल्या किलोमीटरला उड्या मारत गेलेला पिवळ्या बनियनवाला फुटपाथवर बसून मांडी चोळत होता. आनंद झाला असं लिहिणार नाही, पण दुःखही झालं नाही.

३५ ते ३८: हाजी अली, आणि परत पेडर रोड. याच चढाची सगळे वर्षभर चर्चा करतात. उंची फार नाही. सकाळी अंधारात तोच चढ कळलाही नव्हता. पस्तीस किलोमीटरनंतर तो येतो, एवढाच त्याचा मोठेपणा. ६:०२. बाजूला बरेचजण चालत होते. पावलं मोजली. शंभर झाली की पुन्हा एकपासून. उताराला ५:३३, आणि त्या उतारानं मांड्या पुऱ्या काढल्या.

३८ ते शेवट: अंग सांगत होतं पेस अगदी ५:३० चा असणार. पाटी: ५:४९. नोव्हेंबरात हे कागदावर बघितलं नसतं तर अंगावर विश्वास ठेवला असता. जोर वाढवला, पाटी ५:४५. पुन्हा वाढवला, तोंडातून आवाज यायला लागला, शेजारच्या बाई दचकल्या. ५:४३. एवढ्या जोरावर सकाळी ५:०० नं पळालो असतो. मरीन ड्राइव्ह संपतच नव्हता. चर्चगेटला वळलो आणि पुढं गर्दीच्या आवाजात बाकीचं काही नीट आठवत नाही.

३:५८:३१.

पहिलं अर्धं १:५८:२२, दुसरं २:००:०९. फरक १:४७. दोन्ही अटी पास.

घड्याळावर ४२.६१ किमी, सरासरी ५:३६. खरी सरासरी ५:३९. घड्याळाचे तीन सेकंद.

२१ जानेवारी, मंगळवार. बेळगाव

जिना उलटा उतरतोय. पाळीवर खुर्ची मागून घेतली.

२६ जानेवारी, रविवार

सुभेदारांबरोबर वही घेऊन बसलो. झेंडावंदन करून आले होते, कडक इस्त्री. सगळे आकडे एकेक करून बघितले, ३८ ते ४२ दोनदा.

त्यांचं म्हणणं: अर्ध्याला सव्वा मिनिट पुढं होतास, तेच शेवटी गेलं. पहिलं अर्धं १:५९ नं गेला असतास तर दुसरं त्याच्या खाली आलं असतं. माझं म्हणणं: शेवटी गेलं ते पेडर रोडच्या उतारानं. मांड्यांना उताराचा सराव कमी पडला. पहिल्या अर्ध्यात ५:३७ नं पळालो, ठरवल्यापेक्षा तीनच सेकंद जलद. तेवढ्यानं पिंडरी वळवळत नाही.

‘‘तीन सेकंद गुणिले एकवीस,’’ ते म्हणाले.

‘‘एक मिनिट.’’

‘‘मग? एक मिनिट कमी आहे काय?’’

मिटलं नाही. दोन्ही तपासता येण्यासारखं आहे. फेब्रुवारीच्या शेवटी पाय बरे झाले की राजहंसगडाच्या उतारावर आठवड्यातून एकदा काम, आणि मार्चमध्ये सावगाव रोडवर पुन्हा चाचणी, या वेळी आधी २५ किलोमीटर पळून. चुन्याचे पट्टे पावसानं कधीच धुऊन गेलेत. टेपसाठी उद्या स्टोअरमध्ये अर्ज टाकतो.